शस्त्रक्रियेदरम्यान भूलतज्ज्ञांची हस्तस्वच्छता

शस्त्रक्रियेदरम्यान भूलतज्ज्ञांची हस्तस्वच्छता हा शस्त्रक्रियागृहातील संसर्ग नियंत्रणाचा एक भाग आहे. भूल देणारे डॉक्टर आणि त्यांचे साहाय्यक यांनी रुग्णाला हाताळण्यापूर्वी, भूल देताना, शस्त्रक्रिया चालू असताना आणि ती संपल्यानंतर आपले हात, उपकरणे व औषधे जंतुमुक्त ठेवण्यासाठी पाळावयाच्या पद्धतींचा त्यात समावेश होतो. शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेपूर्वी एकदा हात धुऊन निर्जंतुक झगा व हातमोजे घालतो आणि त्यानंतर केवळ निर्जंतुक क्षेत्रातच काम करतो. भूलतज्ज्ञाचे हात मात्र काही मिनिटांच्या अवधीत रुग्णाचे तोंड, भूल यंत्राच्या कळा, औषधांची कपाटे आणि रुग्णाच्या शिरेत जाणारी सलाईनची नळी अशा भिन्न ठिकाणी आळीपाळीने जात असतात. त्यामुळे एकदाच हात धुण्याचा नियम त्यांच्या कामाला पुरेसा ठरत नाही.

भूल दिलेल्या रुग्णाचा खोकला थांबलेला असतो, श्वासनलिकेत नळी असते आणि शिरेतून थेट रक्तात औषधे जात असतात. जंतूंना अडवणारे शरीराचे काही नैसर्गिक अडथळे या काळात निकामी झालेले असतात. कोणी हात स्वच्छ केले आणि कोणी केले नाहीत, हे पाहण्याच्या किंवा विचारण्याच्या स्थितीतही रुग्ण नसतो. म्हणून या विषयाकडे रुग्णसुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते.

इतिहास

भूल आणि हस्तस्वच्छता या दोन्हींचा आधुनिक इतिहास जवळपास एकाच वेळी सुरू होतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. २२ मार्च १८४७ रोजी कोलकात्यात ईथरचा वापर झाला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले.

१८४७ मध्येच व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टर व विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्यांच्या हातांवाटे बाळंतज्वर पसरत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या कक्षातील बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण एप्रिल १८४७ मध्ये सुमारे १८ टक्के होते. हात धुणे सुरू झाल्यानंतर जुलै महिन्यात ते सुमारे १ टक्क्यावर आले. तरीही सेमेलवाइस यांच्या हयातीत त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले नाही. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लाच्या वापराविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८९० च्या सुमारास अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे आले. एका परिचारिकेच्या हातांना रसायनांमुळे होणारा त्वचाविकार टाळणे, हा त्यांचा मूळ हेतू होता.

हे बदल प्रामुख्याने शल्यचिकित्सेत झाले. त्या काळी भूल देणारी व्यक्ती जाळीच्या मुखवट्यावर क्लोरोफॉर्म किंवा ईथरचे थेंब टाकत असे आणि रुग्णाची नाडी व श्वास पाहत असे. तिचा रुग्णाच्या रक्ताशी थेट संबंध येत नसे. १९३४ मध्ये थायोपेंटोन हे शिरेतून देण्याचे औषध वापरात आले. पुढे श्वासनलिकेत नळी घालणे, सलाईन, स्नायू शिथिल करणारी औषधे आणि पाठीच्या कण्यात दिली जाणारी भूल यांचा प्रसार झाला. त्यातून भूलतज्ज्ञाचे काम रुग्णाच्या श्वसनमार्गापर्यंत आणि रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचले. शल्यचिकित्सकाच्या हात धुण्याच्या शिस्तीसारखी वेगळी शिस्त मात्र या कामासाठी दीर्घकाळ तयार झाली नाही. रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला लावलेल्या पडद्यापलीकडचे हे क्षेत्र निर्जंतुक क्षेत्राबाहेरचे मानले गेले.

औषधाची बाटली उघडताना झालेली चूक किती घातक ठरू शकते, याचे एक जुने उदाहरण मुंबईशी संबंधित आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ही लस वॉल्डेमार हाफकिन यांच्या मुंबईतील प्रयोगशाळेत तयार झाली होती. मृत पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस देण्यात आली होती. बाटली उघडण्यासाठी वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे निदर्शनास आले. प्रारंभी दोष प्रयोगशाळेवर आला, परंतु १९०७ मध्ये हाफकिन यांची त्यातून मुक्तता झाली. मूळ द्रव्य शुद्ध असूनही ते उघडणारा हात किंवा साधन दूषित असेल तर रुग्णाला धोका पोहोचतो, हे तत्त्व आज भूलतज्ज्ञाच्या औषधकुप्यांनाही लागू आहे.

संसर्ग पसरण्याचे मार्ग

पूर्ण भूल देताना कामांचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. शिरेत सुई घालून सलाईन सुरू केले जाते, औषधे सिरिंजमधून दिली जातात आणि तोंडावर मास्क धरून प्राणवायू दिला जातो. त्यानंतर लॅरिंगोस्कोपच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी घालून ती भूल यंत्राला जोडली जाते. लगेच व्हेंटिलेटरची मापने ठरवावी लागतात, भूल वायूची कळ फिरवावी लागते, नळी चिकटपट्टीने पक्की करावी लागते आणि रक्तदाब पाहून पुढील औषध द्यावे लागते. रुग्णाच्या लाळेने ओले झालेले हातमोजे घातलेलेच असताना यंत्राच्या कळांना हात लागतो. पुढे मोजे काढले तरी त्याच कळांना उघडा हात लागतो आणि तोच हात सलाईनच्या जोडणीवर जातो.

जंतूंच्या प्रसाराच्या दृष्टीने पुढील जागा विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात.

थ्री-वे: सलाईनच्या नळीत औषध टोचण्यासाठी बसवलेली ही तीन तोंडांची छोटी कळ असते. तिचे टोपण काढून ठेवल्यास किंवा तोंड न पुसता औषध दिल्यास हातावरचे जंतू थेट रक्तप्रवाहात जाऊ शकतात.

भूल यंत्राच्या कळा: वायूचे प्रमाण व दाब नियंत्रित करणाऱ्या कळा प्रत्येक रुग्णाच्या वेळी अनेकदा हाताळल्या जातात. दोन शस्त्रक्रियांमधील घाईत त्या पुसल्या गेल्या नाहीत, तर एका रुग्णाचे जंतू पुढच्या रुग्णापर्यंत पोहोचतात.

लॅरिंगोस्कोप: त्याचे पाते तोंडात जाते, म्हणून ते स्वच्छ केले जाते. मूठ मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. पाते मिटल्यावर त्याचे टोक मुठीला टेकते, त्यामुळे मूठही दूषित होते.

औषधांची ट्रॉली, पेन, नोंदीचा कागद व मोबाइल फोन: या वस्तू हातमोजे घालून आणि न घालताही हाताळल्या जातात. त्यांची नियमित स्वच्छता करण्याची जबाबदारी बहुधा कोणाकडेही नेमून दिलेली नसते.

संशोधन

या विषयावरील महत्त्वाचे संशोधन २००८ नंतर पुढे आले. अमेरिकेतील डार्टमाउथ येथे रँडी लॉफ्टस व सहकाऱ्यांनी ६१ शस्त्रक्रियांचा अभ्यास केला. प्रारंभी निर्जंतुक असलेल्या थ्री-वे कळांपैकी ३२ टक्के कळांमध्ये शस्त्रक्रियेच्या अखेरीस जंतू आढळले. शस्त्रक्रियेच्या काळात भूल यंत्राच्या कळांवरील जंतूंचे प्रमाणही वाढलेले दिसले. त्याच गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११.५ टक्के शस्त्रक्रियांमध्ये थ्री-वेपर्यंत जंतू पोहोचल्याचे आढळले. त्यांपैकी ४७ टक्के वेळा जंतूंचा उगम भूल देणाऱ्यांच्या हातांपर्यंत शोधता आला. उरलेल्या प्रसंगांत रुग्णाचे शरीर व परिसर हेही स्रोत असू शकतात, हेही या कामातून स्पष्ट झाले.

मॅथ्यू कॉफ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भूलतज्ज्ञांच्या अंगावरच अडकवता येईल असे हस्तनिर्जंतुक द्रवाचे छोटे उपकरण वापरून पाहिले. थ्री-वे दूषित होण्याचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर आले. रुग्णालयात उद्भवणाऱ्या संसर्गांचे प्रमाण १७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले.

चक बिडल व जय शाह यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार भूल देणाऱ्यांसमोर हात स्वच्छ करण्याचे प्रसंग तासाला सरासरी ३४ ते ४१ येत होते. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के प्रसंगांत हात स्वच्छ केले गेले नाहीत.

डेव्हिड बर्नबाख व सहकाऱ्यांनी पुतळ्याच्या तोंडात अतिनील प्रकाशात चमकणारे द्रव्य लावून डॉक्टरांना श्वासनलिकेत नळी घालण्यास सांगितले. काही मिनिटांतच ते द्रव्य यंत्र, ट्रॉली आणि सलाईनच्या जोडणीवर पसरलेले दिसले. दोन जोड्या हातमोजे घालून नळी घातल्यानंतर वरची जोडी लगेच काढून टाकल्यास हा प्रसार लक्षणीय घटतो, असेही या गटाने दाखवले.

हस्तस्वच्छतेचे प्रसंग

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हस्तस्वच्छतेचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या परिसरातील वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. ५ मे हा दिवस जगभर हस्तस्वच्छता दिन म्हणून पाळला जातो.

अल्कोहोलयुक्त द्रव हातावर चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात, तर साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. तासाला ४० प्रसंग गृहीत धरले आणि प्रत्येक वेळी २५ सेकंद दिले, तर केवळ हात स्वच्छ करण्यात सुमारे १७ मिनिटे जातील. भूल देण्याच्या आणि रुग्णाला शुद्धीवर आणण्याच्या नाजूक मिनिटांत हे शक्य नसते. म्हणून अलीकडील मार्गदर्शनाचा भर दोन गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे कामांचा क्रम असा लावणे की मुळात दूषित स्पर्शच कमी होतील, आणि दुसरी म्हणजे टाळता न येणारे प्रसंग निश्चित करणे.

अमेरिकेतील आरोग्यसेवा साथरोगशास्त्र संस्थेने शस्त्रक्रियागृहातील भूल क्षेत्रासाठी स्वतंत्र तज्ज्ञ मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. त्यानुसार पुढील प्रसंगी हात स्वच्छ करणे किमान आवश्यक मानले जाते:

• शस्त्रक्रियागृहात येताना व बाहेर जाताना
• शिरेत सुई किंवा नळी घालणे, औषध भरणे अशा निर्जंतुक कृतींपूर्वी
• हातमोजे काढल्यानंतर
• हात लाळ, रक्त किंवा अन्य द्रवांनी माखल्यास
• औषधांच्या ट्रॉलीतील वस्तू काढण्यापूर्वी

यासाठी निर्जंतुक द्रवाची बाटली शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आणि भूलतज्ज्ञाच्या हाताशीही असावी, अशी शिफारस आहे. बाटली खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ती वापरण्यासाठी भूलतज्ज्ञाला रुग्णापासून दूर जावे लागते. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला सोडून दूर जाणे अयोग्य असल्याने अशी बाटली असून नसल्यासारखी ठरते.

हाताला दिसण्याजोगी घाण, रक्त किंवा लाळ लागली असेल, तर द्रव चोळणे पुरेसे नसते आणि साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूच्या बीजाणूंवरही अल्कोहोलचा परिणाम होत नाही. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे विद्युत शस्त्राचा वापर होणाऱ्या जागी हात पूर्ण वाळल्यानंतरच पुढील काम करावे लागते. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या आणि मनगटावर बांधलेले धागे, गंडे किंवा राखी यांखाली जंतू साचून राहतात व द्रव पोहोचत नाही. म्हणून कोपरापासून खाली हात मोकळे ठेवण्याचा दंडक अनेक रुग्णालयांत असतो. नखे लहान ठेवणेही त्यातच येते.

हातमोज्यांचा वापर

हातमोजे घातले की हात स्वच्छ करण्याची गरज उरत नाही, हा गैरसमज व्यापक आहे. साधे हातमोजे मुख्यतः ते घालणाऱ्याचे रक्त व लाळेपासून रक्षण करतात. तेच मोजे घालून अनेक वस्तू हाताळल्या, तर मोज्याची पृष्ठभागही उघड्या हातासारखीच जंतू वाहून नेते. मोज्यांना सूक्ष्म छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात दूषित होऊ शकतात, म्हणून काढल्यानंतर हात स्वच्छ करणे आवश्यक असते. एकदा वापरून टाकण्याचे मोजे अल्कोहोलने पुसून पुन्हा वापरणे योग्य मानले जात नाही.

श्वासनलिकेत नळी घालताना दोन जोड्या मोजे घालणे हा व्यवहारात सोपा उपाय आहे. नळी जागेवर बसताच वापरलेले लॅरिंगोस्कोपचे पाते आणि वरची जोडी वेगळ्या ट्रेमध्ये किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकली जाते. आतील तुलनेने स्वच्छ जोडी घालून यंत्राच्या कळा हाताळता येतात आणि रुग्णाचा श्वास तपासण्यात खंड पडत नाही. रुग्ण स्थिरावल्यानंतर आतील जोडीही काढून हात स्वच्छ केले जातात.

औषधे आणि इंजेक्शने

प्रोपोफॉल हे भूल देण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे पांढरे औषध स्निग्ध द्रवात असते आणि त्यात जंतू झपाट्याने वाढू शकतात. अमेरिकेत १९९० ते १९९३ या काळात ७ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या संसर्गांचा तपास करण्यात आला. औषध भरताना व वापरताना झालेल्या निष्काळजीपणामुळे दूषित झालेले प्रोपोफॉल त्यामागे असल्याचे आढळले. कारखान्यातून आलेले औषध शुद्ध होते. २००८ मध्ये लास वेगास येथे उघडकीस आलेल्या हेपेटायटिस सीच्या प्रादुर्भावात एका रुग्णासाठी वापरलेली सिरिंज पुन्हा कुपीत घालण्याची आणि तीच कुपी इतर रुग्णांसाठी वापरण्याची पद्धत कारणीभूत होती. त्यानंतर हजारो रुग्णांना रक्ततपासणी करून घेण्यास सांगावे लागले.

या अनुभवांतून पुढील नियम रूढ झाले आहेत. एक सुई व एक सिरिंज एकाच रुग्णासाठी वापरावी. केवळ सुई बदलून तीच सिरिंज दुसऱ्या रुग्णासाठी वापरू नये, कारण सिरिंजमध्येही रक्ताचा अंश मागे येऊ शकतो. एकदा वापरण्याच्या कुपीतील उरलेले औषध पुढच्या रुग्णासाठी ठेवू नये. कुपीचे रबरी बूच आणि अँप्युलची मान ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यावी. थ्री-वेचे तोंड प्रत्येक वेळी पुसावे व वापरात नसताना टोपण लावावे. भरलेल्या सिरिंजवर औषधाचे नाव व वेळ लिहावी. औषध महाग असल्यामुळे एक कुपी अनेकांत वाटण्याचा मोह होतो. तथापि, एका संसर्गावरील उपचाराचा खर्च वाचवलेल्या औषधाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

पाठीच्या कण्यातील भूल

सिझेरियन, हाडांच्या आणि पोटाच्या खालच्या भागातील अनेक शस्त्रक्रिया कमरेतून सुई घालून दिलेल्या भुलेखाली होतात. येथे सुई थेट मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवापर्यंत जाते, त्यामुळे स्वच्छतेची पातळी शल्यचिकित्सकाइतकीच ठेवावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या पद्धतीने हात धुणे, निर्जंतुक हातमोजे, टोपी आणि तोंडावर मास्क हे आवश्यक मानले जाते. मास्क न लावता सुई घातल्याने डॉक्टरांच्या तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे रुग्णाला मेंदूज्वर झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यानंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ मध्ये मास्कची स्पष्ट शिफारस केली. त्वचेला लावलेले जंतुनाशक पूर्ण वाळल्यानंतरच सुई घातली जाते, कारण ओले जंतुनाशक मज्जातंतूंना अपायकारक ठरू शकते.

कोल्हापूर व दक्षिण महाराष्ट्र

कोल्हापूर हे दक्षिण महाराष्ट्र, दक्षिण कोकण आणि उत्तर कर्नाटकाचा सीमाभाग यांतील रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचे प्रमुख केंद्र आहे. भाऊसिंगजी मार्गावरील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला सर्वसामान्यपणे सीपीआर म्हणतात, हे संस्थानकाळात आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय या नावाने ओळखले जात असे. आज ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. कसबा बावडा येथे डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले मिशन रुग्णालय शस्त्रक्रियांसाठी दूरवर प्रसिद्ध झाले. त्यामुळे या परिसराला शल्यचिकित्सेची सव्वाशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

महाराष्ट्रातील इतर जिल्हा शहरांप्रमाणे कोल्हापुरातही अनेक शस्त्रक्रिया लहान खासगी रुग्णालयांत होतात. अशा रुग्णालयांत पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसतो. बोलावण्यावरून येणारे भूलतज्ज्ञ एकाच दिवशी तीन-चार ठिकाणी भूल देतात आणि अनेकदा लॅरिंगोस्कोप, नळ्या व तातडीची औषधे यांची स्वतःची पेटी सोबत नेतात. मोठ्या रुग्णालयांवर आधारलेल्या परदेशी मार्गदर्शक सूचनांमध्ये या कार्यपद्धतीचा विचार फारसा आढळत नाही. तिच्यातून काही विशिष्ट प्रश्न निर्माण होतात.

पहिला प्रश्न उपकरणांचा आहे. एका शस्त्रक्रियागृहातून दुसऱ्यात जाणारी पेटी जंतूंनाही सोबत नेऊ शकते. प्रत्येक रुग्णानंतर लॅरिंगोस्कोपचे पाते व मूठ दोन्ही योग्य प्रकारे निर्जंतुक होणे किंवा एकदा वापरून टाकण्याची पाती वापरणे हा त्यावरचा उपाय आहे. पेटीत वापरलेल्या व न वापरलेल्या वस्तूंसाठी वेगळे कप्पे असणेही उपयुक्त ठरते.

दुसरा प्रश्न मांडणीचा आहे. प्रत्येक रुग्णालयात निर्जंतुक द्रवाची जागा वेगळी असते आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरला ती शोधत बसण्यास वेळ नसतो. अशा वेळी खिशात किंवा कमरेला बाळगलेली स्वतःची बाटली उपयोगी पडते. २००९ च्या अमेरिकी अभ्यासातील उपकरणाचे तत्त्वही हेच होते.

तिसरा प्रश्न माहितीचा आहे. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग बहुधा काही दिवसांनी उघड होतो. तो ३० दिवसांपर्यंत आणि शरीरात कृत्रिम सांधा किंवा पट्टी बसवली असल्यास ९० दिवसांपर्यंत गणला जातो. तोवर रुग्ण गावी परतलेला असतो आणि जखम शल्यचिकित्सक पाहतो. भूल देऊन निघून गेलेल्या डॉक्टरपर्यंत ही माहिती पोहोचण्याची निश्चित सोय नसते. आपल्या कृतीचा परिणाम न दिसणे हे सवय न बदलण्याचे एक कारण मानता येते. रुग्णालयाने संसर्गांची नोंद ठेवून ती शस्त्रक्रियागृहातील सर्वांना, बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांसह, कळवणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

पाण्याची उपलब्धता हाही स्थानिक महत्त्वाचा मुद्दा आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेला आलेल्या महापुरांत कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला होता. अशा काळातही तातडीच्या शस्त्रक्रिया व बाळंतपणे थांबवता येत नाहीत. अल्कोहोलयुक्त द्रवाला पाणी लागत नसल्यामुळे हाताला दृश्य घाण नसेल तेव्हा तो विश्वासार्ह पर्याय ठरतो.

हा द्रव स्थानिक पातळीवर तयार करता यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दोन सूत्रे दिली आहेत. एकात ८० टक्के इथेनॉल आणि दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. दोन्हींत ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्वचा कोरडी पडू नये म्हणून १.४५ टक्के ग्लिसरॉल मिसळले जाते. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे द्रवातील बीजाणू नष्ट व्हावेत यासाठी बाटल्या ७२ तास बाजूला ठेवल्या जातात. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील साखर उद्योगात मळीपासून इथेनॉल तयार होते. २०२० मधील करोना साथीत देशभरातील आसवन्यांना व साखर कारखान्यांना हस्तनिर्जंतुक द्रव तयार करण्याची परवानगी देण्यात आली होती. मात्र औद्योगिक वापरासाठी मिथेनॉल मिसळलेले अल्कोहोल विषारी असल्याने या कामासाठी चालत नाही.

भारतातील नियमन

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये आरोग्यसंस्थांतील संसर्ग प्रतिबंध व नियंत्रणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत हस्तस्वच्छतेला मूलभूत स्थान आहे. २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या कायाकल्प योजनेत सार्वजनिक रुग्णालयांचे स्वच्छता व संसर्ग नियंत्रणाच्या निकषांवर मूल्यमापन होते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार वापरलेले हातमोजे व नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या पारदर्शक डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकणे बंधनकारक आहे. शस्त्रक्रियागृहात हे डबे भूलतज्ज्ञाच्या जवळ नसतील, तर वापरलेल्या वस्तू ट्रॉलीवरच साचतात आणि स्वच्छ व दूषित यांतील सीमा पुसली जाते.

हस्तस्वच्छतेखेरीज संसर्ग टाळण्याच्या इतर कामांतही भूलतज्ज्ञाचा वाटा असतो. चीर घेण्यापूर्वी योग्य वेळेत प्रतिजैविक देणे, रुग्णाच्या शरीराचे तापमान घसरू न देणे आणि रक्तातील साखर नियंत्रणात ठेवणे ही त्यांची उदाहरणे आहेत.

मर्यादा आणि मतभेद

हस्तस्वच्छता वाढवल्याने सलाईनच्या जोडण्यांवरील जंतू कमी होतात, याला अभ्यासांचा आधार आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे संसर्ग किती प्रमाणात घटतात, याविषयी मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नियंत्रित चाचणीत हात निर्जंतुक करण्याचे प्रमाण वाढले, परंतु रुग्णालयातील संसर्गांत अपेक्षित घट दिसली नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गामागे रुग्णाचे वय, मधुमेह, शस्त्रक्रियेचा प्रकार व कालावधी, रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरील जंतू आणि शस्त्रक्रियागृहातील हवा अशी अनेक कारणे असतात. त्यामुळे केवळ हातांवर लक्ष देणारा उपाय अपुरा पडू शकतो. हात, यंत्राची पृष्ठभाग, थ्री-वे आणि औषधकुप्या यांची स्वच्छता एकत्रितपणे पाळण्यावर आता भर दिला जातो.

निरीक्षणाच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. कोणी पाहत आहे हे कळल्यावर हात स्वच्छ करण्याचे प्रमाण तात्पुरते वाढते. वारंवार द्रव वापरल्याने त्वचा कोरडी होऊन भेगा पडतात आणि त्या भेगांत जंतू राहतात, म्हणून त्वचेची निगाही या विषयाचा भाग मानली जाते. भूलतज्ज्ञांना हस्तस्वच्छतेचे महत्त्व ठाऊक असूनही ती पाळली जात नाही. त्याचे मुख्य कारण कामाची गती व मांडणी यांत असल्याचे निरीक्षणांतून सूचित होते. यामुळे केवळ सूचनाफलक व प्रशिक्षणापेक्षा द्रव हाताशी ठेवणे, दोन जोड्या हातमोजे घालणे, औषधे आधीच भरून झाकून ठेवणे आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये यंत्र पुसण्याचे काम ठरावीक व्यक्तीकडे सोपवणे हे उपाय अधिक व्यवहार्य मानले जातात.